युरियाची बादली आणि दुसरा नियम

बारावीच्या वर्गात रासायनिक ऊष्मागतिकीचे प्रकरण सुरू केले की पहिल्याच तासाला मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "सर, याला वेटेज किती?" प्रश्न गैर नाही. लातूर, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरच्या शिकवणी वर्गांनी या प्रकरणातील गणिते अशी घोटून घेतलेली असतात, की कुठे अधिक चिन्ह द्यायचे आणि कुठे उणे हे मुलांना झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. उष्णता बाहेर पडली तर उणे, आत आली तर अधिक. वायूने प्रसरण पावून बाहेर कार्य केले तर उणे, बाहेरून त्याला दाबले तर अधिक. उत्तर बरोबर येते, पर्यायाचे वर्तुळ काळे होते आणि प्रकरण संपते. मात्र ज्याच्या वडिलांनी सकाळीच ठिबकमधून सोडण्यासाठी बादलीत युरिया कालवलेला असतो, त्याच मुलाला "ती बादली हाताला इतकी गार का लागते?" असे विचारले तर तो गप्प होतो. हा प्रश्न परीक्षेत येत नाही म्हणून तो गप्प होतो असे मला वाटत नाही. चिन्हांच्या हिशेबात या प्रश्नाला जागाच नसते, हे त्याचे खरे कारण आहे, आणि हा लेख त्या जागेबद्दल आहे.

ऊष्मागतिकीची सुरुवात एका रेघेपासून होते. आपल्याला ज्याचा विचार करायचा आहे तेवढे रेघेच्या आत घ्यायचे, त्याला प्रणाली म्हणायचे, आणि उरलेले सगळे जग म्हणजे परिसर. रेघेतून पदार्थ आणि ऊर्जा दोन्ही ये-जा करू शकत असतील तर प्रणाली खुली, नुसती ऊर्जा जाऊ शकत असेल तर बंद, आणि दोन्ही जात नसतील तर विलग. पाण्याचा माठ खुला, बूच घट्ट लावलेली बाटली बंद, आणि चांगल्या थर्मासातील चहा काही वेळापुरता विलग म्हणावा असा. पाठ्यपुस्तके या व्याख्यांवर पाने खर्च करतात, पण त्यांत अवघड काही नाही. महत्त्वाचे एवढेच की रेघ कुठे मारली हे आधी सांगितल्याशिवाय "उष्णता गेली" किंवा "आली" या वाक्यांना अर्थ उरत नाही.

रेघ मारली की हिशेब सुरू होतो. प्रणालीच्या आंतरिक ऊर्जेत होणारा बदल हा तिला मिळालेली उष्णता आणि तिच्यावर झालेले कार्य यांच्या बेरजेइतका असतो, हा पहिला नियम. रसायनशास्त्रज्ञ बहुधा उघड्या भांड्यात, वातावरणाच्या स्थिर दाबाखाली काम करतात, म्हणून प्रसरणाच्या कार्याची भानगड सोयीने आत सामावून घेणारी एन्थाल्पी ही राशी ते वापरतात. स्थिर दाबाखाली देवाणघेवाण झालेली उष्णता म्हणजेच एन्थाल्पीतील बदल. ही अवस्थेवर अवलंबून असणारी राशी आहे; आपण कुठून निघालो आणि कुठे पोहोचलो एवढेच तिला कळते, कोणत्या वाटेने गेलो याच्याशी तिला देणेघेणे नसते.

याचे मला आवडणारे उदाहरण चुन्याचे आहे. मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, त्यामुळे चुनखडीच्या मोठ्या खाणी आपल्याकडे फारशा नाहीत. परंतु काळ्या जमिनीत आणि ओढ्यांच्या काठी चुनखडीचे पांढुरके खडे सापडतात आणि असे खडे भट्टीत भाजून जुन्या बांधकामांसाठी चुना तयार केला जात असे. कॅल्शियम कार्बोनेटच्या, म्हणजे चुनखडीच्या, १०० ग्रॅममागे, म्हणजे एका मोलमागे (मोल म्हणजे रेणूंची एक ठरावीक मोठी संख्या), सुमारे १७८ किलोज्यूल उष्णता त्यात घालावी लागते, तेव्हा ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन ५६ ग्रॅम कळीचा चुना मागे उरतो. पुढे त्या कळीच्या चुन्यावर पाणी पडले की मोलमागे ६५ किलोज्यूल परत मिळतात.

हे परत मिळणे पूर्वी घरोघरी दिसत असे. दिवाळीच्या तोंडावर अंगणात पत्र्याच्या डब्यात कळीचा चुना घालून त्यावर पाणी ओतले की काही क्षण काहीच घडत नसे; मग खडा चरचरायचा, त्याला भेगा पडायच्या, तो फुगून फुटायचा आणि खाली जाळ नसताना डबा खदखदू लागायचा. मोठी माणसे पोरांना तिथून हाकलून देत, कारण एखादा शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळाच जायचा. दुसऱ्या दिवशी तो चुना फडक्यातून गाळून, त्यात थोडी नीळ घालून भिंतींना हात दिला जाई. एक किलो कळीच्या चुन्यातून अशी साडेअकराशे किलोज्यूलहून अधिक उष्णता बाहेर पडते. ती सगळी पकडता आली तर जवळजवळ चार लिटर साधे पाणी उकळीला येईल. भट्टीत जाळलेल्या लाकडाचा एक हिस्सा चुन्याच्या खड्यात बसून बाजारातून घरी येत होता, असेच म्हणायला हवे.

आणि तरीही हिशेब पुरा झालेला नसतो, कारण १७८ मधून ६५ वजा केले तर ११३ उरतात. ते कुठे आहेत? भिंतीला लावलेला विरलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो, पाणी सोडतो आणि घट्ट होत जातो. या शेवटच्या पायरीची उष्णता मोजली तर मोलमागे बरोबर ११३ किलोज्यूल भरते. सतराव्या शतकातील बीबी का मकबऱ्याच्या ज्या भागांना संगमरवर लाभला नाही, त्यांच्यावरील चुन्याच्या गिलाव्याने ही उष्णता इतक्या सावकाश सोडली असेल की भिंतीला हात लावणाऱ्या गवंड्याला तिचा पत्ताही लागला नसेल. चुनखडीपासून निघून चुनखडीपाशी परत आलो, म्हणून बेरीज शून्य. भट्टीवाल्याने प्रत्यक्षात जाळलेले सरपण या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त असते, हे खरे. पण जास्तीचा जाळ धुरातून आणि भट्टीच्या भिंतींतून निघून गेला, तो नाहीसा झाला नाही, आपल्या रेघेबाहेर गेला.

ही बेरीज वाटेवर अवलंबून नसते हे सेंट पीटर्सबर्ग येथे काम करणाऱ्या जर्मेन हेस यांनी १८४० साली प्रयोगांनी दाखवले. गंमत अशी की तेव्हा ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम कुणी मांडलेलाही नव्हता. तो ज्यांनी पहिल्यांदा छापला ते युलिउस रोबेर्ट मायर हे जर्मन वैद्य त्याच वर्षी एका डच जहाजावरून जावा बेटाकडे गेले होते. सुराबाया येथे खलाशांच्या शिरेतून रक्त काढताना ते त्यांना नेहमीपेक्षा लालभडक दिसले; इतके, की चुकून धमनी तर कापली गेली नाही ना, अशी शंका यावी. मायर यांनी त्याचा अर्थ असा लावला की उष्ण प्रदेशात अंग उबदार ठेवण्यासाठी शरीराला कमी जाळावे लागते, म्हणून रक्तातला ऑक्सिजन कमी खर्च होतो. तिथून ते अन्न, उष्णता आणि श्रम ही एकाच राशीची रूपे आहेत या विचारापर्यंत पोहोचले. त्यांचा १८४१ चा पहिला लेख भौतिकशास्त्राच्या नियतकालिकाने छापला नाही. १८४२ मध्ये दुसरा लेख छापला तो रसायनशास्त्राच्या नियतकालिकाने. पुढे मँचेस्टरच्या एका मद्यनिर्मिती कारखानदाराच्या मुलाने, जेम्स ज्यूल यांनी, पडणाऱ्या वजनाने पाण्यातली पाती फिरवून पाणी किती तापते हे काटेकोरपणे मोजले आणि आज एका कॅलरीचे ४.१८४ ज्यूल असे आपण सहज लिहितो. चैत्र-वैशाखात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात गेल्यावर भूक मरते हे आपल्याकडे कुणाला सांगावे लागत नाही, पण त्यातून निसर्गाचा नियम सुचायला मायर यांची नजर हवी.

पहिला नियम इतका पक्का आणि इतका समाधान देणारा आहे की त्यातूनच पुढची मोठी गफलत झाली. एकदा सगळ्या अभिक्रियांची उष्णता मोजता येऊ लागल्यावर डेन्मार्कच्या युलिउस थॉमसेन यांनी आणि नंतर फ्रान्सच्या मार्सलँ बर्तलो यांनी असा सिद्धांत मांडला की आपोआप घडणारी रासायनिक अभिक्रिया ही सर्वाधिक उष्णता देणाऱ्या बाजूलाच जाते. वरवर पाहता ते पटण्यासारखेच आहे. लाकूड जळते, चुना खदखदतो, लोखंड गंजते आणि सगळीकडे उष्णता बाहेर पडते. दगड जसा उतारावरून खाली येतो तसे रसायन उष्णता सांडून खाली उतरते, असे समजायला मन लगेच तयार होते. बर्तलो यांचा दबदबा फ्रान्समध्ये एवढा होता की पियेर द्युएम या तरुणाने १८८४ मध्ये सादर केलेल्या प्रबंधात या सिद्धांतावर टीका केली, तो प्रबंध नामंजूर झाला, आणि पुढे एवढा नावाजलेला हा शास्त्रज्ञ पॅरिसपासून दूर, बोर्दोमध्येच प्राध्यापकी करत राहिला.

या सिद्धांताला खोटे ठरवायला प्रयोगशाळा लागत नाही, युरियाची बादली पुरते. प्लॅस्टिकच्या बादलीत पाच लिटर पाणी घ्यावे, त्यात किलोभर युरिया ओतावा आणि काठीने ढवळावे. पांढरे टपोरे दाणे आधी तळाशी खरखरतात. कडुनिंबाच्या तेलाचा लेप असल्याने पाण्यावर बारीक तवंग येतो आणि उग्र वास सुटतो. मग खरखर कमी होत जाते आणि काठी मोकळी फिरू लागते. तेवढ्यात बादलीला बाहेरून हात लावला तर ती फ्रीजमधून काढल्यासारखी लागते. ६० ग्रॅम युरिया पाण्यात विरघळताना सुमारे १५ किलोज्यूल उष्णता शोषतो, त्यावरून हिशेब केला तर अशा बादलीचे तापमान दहा अंशांच्या आसपास उतरायला हवे, आणि वर्गातला तापमापी साधारण तेच सांगतो. आता प्रश्न असा, की उष्णता शोषणारी ही क्रिया कुणीही न ढकलता का होते? काठीने ढवळले म्हणून नव्हे. न ढवळता बादली ठेवून दिली तरी दाणे विरघळतातच, उशीर लागतो एवढेच. बर्तलो यांच्या नियमाने पाहिले तर उलटे घडायला हवे होते: पाण्यात विरघळलेला युरिया आपण होऊन स्फटिक बनून तळाशी बसायला हवा होता आणि पाणी गरम व्हायला हवे होते.

इथे एक बारकावा मुलांच्या हातून नेहमी सुटतो. उष्णता शोषली म्हणजे बादलीने ती ताबडतोब भोवतालच्या हवेतून ओढून घेतली असे नव्हे. स्फटिकात युरियाचे रेणू एकमेकांना धरून असतात. ती पकड सोडवायला ऊर्जा लागते. सुटलेल्या रेणूंना पाण्याचे रेणू धरतात तेव्हा काही ऊर्जा परत मिळते, पण पुरती मिळत नाही. ही तूट आधी बादलीतल्या रेणूंच्या स्वतःच्या धडपडीतून, म्हणजे हालचालीतून भरून निघते. म्हणून पाणी थंड पडते, आणि मग त्या थंड पाण्याकडे बाहेरची उष्णता येऊ लागते. खताच्या हिशेबाच्या दृष्टीने हे सगळे क्षुल्लक आहे, पण निसर्ग तोट्याचा सौदा राजीखुशीने करतो असे दाखवणारी याहून सोपी गोष्ट मला माहीत नाही.

तोटा उष्णतेचा असतो, पण दुसऱ्या खात्यावर जमा होते. ते खाते एन्ट्रॉपीचे. रुडोल्फ क्लाउझिउस यांनी १८६५ मध्ये या राशीला हे नाव दिले आणि विश्वाची ऊर्जा कायम राहते, एन्ट्रॉपी मात्र कमालीच्या मूल्याकडे वाढत जाते, असे पहिला आणि दुसरा हे दोन्ही नियम एका दमात मांडले. ती राशी रेणूंच्या पातळीवर काय आहे ते लुडविग बोल्ट्झमन यांनी १८७७ मध्ये मोजणीने दाखवले: बाहेरून एकसारखी दिसणारी अवस्था आतून जितक्या निरनिराळ्या मांडण्यांनी साकारू शकते, त्या संख्येशी एन्ट्रॉपी निगडित असते. व्हिएन्नामध्ये त्यांच्या समाधीवर हेच समीकरण कोरलेले आहे. शिकवणीत एन्ट्रॉपीसाठी खोलीतल्या पसाऱ्याचे उदाहरण देतात ते मला कधी पटले नाही. पसारा ही बघणाऱ्याची तक्रार असते, एन्ट्रॉपी ही मोजणी असते. युरियाच्या दाण्यात प्रत्येक रेणूची जागा ठरलेली. बादलीभर पाण्यात तोच रेणू कुठेही असू शकतो, कसाही वळलेला असू शकतो, आणि असे असंख्य रेणू असतील तर एकूण शक्य मांडण्यांची संख्या कल्पनेपलीकडे वाढते. रेणूंना विरघळण्याची हौस नसते, त्यांचे धक्के आंधळे असतात. पण विरघळलेल्या मांडण्या इतक्या जास्त आहेत की आंधळ्या धक्क्यांनी सगळे तिकडेच जाऊन पोहोचते.

दुसऱ्या नियमाचा उगम मात्र रसायनात नाही, वाफेच्या इंजिनात आहे, आणि तो समजून घ्यायला बीड जिल्ह्यातील माणसाला परळीपेक्षा दूर जावे लागत नाही. सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ मध्ये एक लहानसा ग्रंथ लिहून असे दाखवले की उष्णतेपासून कार्य मिळवायचे तर नुसती उष्ण वस्तू असून भागत नाही. उष्णता सोडायला एक थंड वस्तूही लागते, आणि जास्तीत जास्त किती कार्य मिळेल ते फक्त या दोहोंच्या तापमानांवर ठरते. कार्नो १८३२ मध्ये पटकीच्या साथीत, छत्तिसाव्या वर्षी वारले. त्यांच्या हयातीत या ग्रंथाकडे फारसे कुणी पाहिले नाही. औष्णिक वीज केंद्रात वाफ ५४० अंश सेल्सियसच्या आसपास असते आणि थंड बाजू चाळीस अंशांची धरली, तर केवल तापमानात, म्हणजे सेल्सियसच्या आकड्यात २७३ मिळवून, हे ८१३ आणि ३१३ होतात, आणि कार्नोची कमाल मर्यादा साठ टक्क्यांच्या जरा वर येते. खऱ्या केंद्रांत घर्षण, गळती आणि इतर अनेक कारणांनी हा आकडा पस्तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत खाली येतो. कोळशातील १२ ग्रॅम कार्बन जळताना ३९३.५ किलोज्यूल देतो, त्यातला मोठा वाटा शीतकरणाच्या मनोऱ्यांतून पाण्याच्या वाफेबरोबर आकाशात जातो.

२०१५ च्या दुष्काळात परळीचे संच बंद ठेवावे लागले ते पाण्याअभावी. तेव्हा पारावर आणि एसटीत मी अनेकदा ऐकले, की कोळशावर चालणाऱ्या केंद्राला एवढे पाणी कशाला लागते, आणि जे लागते ते पुन्हा पुन्हा का वापरत नाहीत. बॉयलरमधले पाणी खरोखरच पुन्हा पुन्हा वापरतात. जे उडून जाते ते थंड बाजू थंड ठेवण्यासाठीचे पाणी, आणि कार्नोच्या दृष्टीने ते कोळशाइतकेच आवश्यक आहे. उष्णता भरपूर आहे पण ती सोडायला थंड जागा नाही, या अवस्थेत कोणतेही इंजिन चालत नाही, मग ते कुणीही बांधलेले असो. उन्हाने भाजून निघणाऱ्या आपल्या प्रदेशाने हे वाक्य फळ्यावरून नव्हे तर भारनियमनाच्या वेळापत्रकातून वाचले आहे.

पहिला नियम आणि दुसरा नियम रसायनशास्त्रज्ञाच्या हाती एकत्र दिले ते जोसाया विलार्ड गिब्ज यांनी. अमेरिकेतील येल येथे १८७१ मध्ये ते प्राध्यापक झाले आणि पहिली नऊ वर्षे त्यांनी बिनपगारी काम केले. मराठवाड्यात विनाअनुदानित तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या माझ्या मित्रांना हे सांगितले की ते हसतात आणि म्हणतात, "म्हणजे आमच्यातही गिब्ज निघू शकतो." त्या बिनपगारी वर्षांतच, १८७६ ते १८७८ मध्ये, त्यांनी आपला प्रचंड प्रबंध एका प्रादेशिक अकादमीच्या नियतकालिकात छापला. त्यातून निघालेली कसोटी आज मुले पाठ म्हणतात: एन्थाल्पीतील बदलातून, केवल तापमान आणि एन्ट्रॉपीतील बदल यांचा गुणाकार वजा करावा, येणारा मुक्त ऊर्जेतील बदल उणे असेल तर क्रिया स्थिर तापमानाला आणि दाबाला आपोआप घडू शकते, शून्य असेल तर समतोल.

ही कसोटी लावली की बादली बोलू लागते. युरियाच्या मोलमागे एन्थाल्पीचा तोटा १५ किलोज्यूल, पण तापमान आणि एन्ट्रॉपीवाढ यांचा गुणाकार खोलीच्या तापमानाला वीस-बावीस किलोज्यूलच्या घरात. म्हणून वजाबाकी उणे येते आणि दाणे विरघळतात. हीच कसोटी चुन्याच्या भट्टीला लावावी. चुनखडी फुटताना वायू बाहेर पडतो, म्हणून एन्ट्रॉपी वाढते, मोलमागे प्रत्येक अंशाला सुमारे १६० ज्यूल. साध्या तापमानाला या वाढीचा गुणाकार ४८ किलोज्यूलच्या पुढे जात नाही आणि १७८ किलोज्यूलची भिंत तशीच उभी राहते. म्हणून शेतातला चुनखडीचा खडा हजार वर्षे उन्हात पडला तरी त्याचा चुना होत नाही. मात्र तापमान वाढवत नेले की गुणाकार वाढत जातो आणि ८४० अंश सेल्सियसच्या आसपास दोन्ही बाजू सारख्या होतात. भट्टी लावणाऱ्या माणसाला समीकरण ठाऊक नव्हते, पण खडा आतपर्यंत लालभडक झाल्याखेरीज चुना उतरत नाही हे त्याला ठाऊक होते आणि ते तापमान जवळपास हेच आहे.

माठाचे कोडे याच कसोटीचा थोडा अवघड प्रकार आहे. पाणी १०० अंशांना उकळते, तर मग वैशाखात सावलीतल्या माठातून ते उडून कसे जाते, असा प्रश्न एका मुलीने मला विचारला होता आणि तो चांगला होता. १०० अंश हा आकडा वातावरणाइतक्या दाबाच्या, शुद्ध वाफेसाठी आहे. मराठवाड्याच्या मे महिन्यातील हवेत वाफ अगदी विरळ असते, आणि अशा कोरड्या हवेत मिसळणाऱ्या रेणूला मोकळीक जास्त, म्हणजे एन्ट्रॉपीची वाढ जास्त. त्यामुळे बाष्पीभवनासाठी मोलमागे लागणारे ४४ किलोज्यूल कमी तापमानालाही भरून निघतात. ही ऊर्जा माठातल्या पाण्यातून घेतली जाते आणि उरलेले पाणी गार होते. दमट कोकणात हाच माठ आणि हाच कूलर निम्मासुद्धा उपयोगाचा नसतो, कारण तिथल्या हवेत वाफ आधीच दाटलेली असते. उष्णतेचा हिशेब दोन्हीकडे तोच, एन्ट्रॉपीचा वेगळा.

कारखान्यांच्या आसवनीबद्दल दोन शब्द लिहायला हवेत, कारण ऊस आणि इथेनॉल हे आपल्याकडचे रोजचे बोलणे झाले आहे. एक मोल ग्लुकोज जाळले तर सुमारे २८०३ किलोज्यूल मिळतात. तेच आंबवून निघालेले दोन मोल इथेनॉल जाळले तर २७३४. मधल्या पायरीत, म्हणजे किण्वनात, सुटते ती जेमतेम ६९ किलोज्यूल उष्णता, आणि तेवढीही टाक्या थंड ठेवायला भाग पाडते. साखरेची बहुतेक सगळी ऊर्जा शाबूत ठेवून यीस्ट आपला प्रपंच चालवते, याचे मला आजही नवल वाटते.

एवढे सगळे सांगून झाल्यावर ऊष्मागतिकी एका जागी हात टेकते. क्रिया कोणत्या दिशेने जाईल हे ती ठामपणे सांगते. कधी जाईल याबद्दल ती एक अक्षर बोलत नाही. शेतात उभी असलेली कडब्याची गंजी हवेतल्या ऑक्सिजनच्या सान्निध्यात सुगीपासून पुढल्या पावसाळ्यापर्यंत उभी राहते. मुक्त ऊर्जेच्या दृष्टीने तिने केव्हाच राख आणि वायू व्हायला हवे, पण ठिणगी पडेपर्यंत ती होत नाही. युरियाचेही तसेच. नुसत्या पाण्यात तो दीर्घकाळ टिकून राहतो, पण जमिनीत पडला की सूक्ष्म जीवांचे युरिएज हे विकर काही दिवसांत त्याचे अमोनियात रूपांतर करते, आणि मातीत न मिसळता तो नुसता वर फेकला तर त्यातला बराच नत्र हवेत जाऊ शकतो. विकर दिशा बदलत नाही, वाट मोकळी करते.

उलट टोकाचे, म्हणजे वाट अडवण्याचे, उदाहरण धरणांवर आहे. जायकवाडी धरणाच्या नाथसागरासारख्या पसरट आणि उथळ जलाशयात पाण्याचा पृष्ठभाग मोठा, त्यामुळे उन्हाळ्यात त्याची वाफ होऊन जाणारे पाणी हा मोठा खर्च ठरतो. एका चौरस किलोमीटरवरून फक्त एक मिलिमीटर पाणी उडाले तरी ते दहा लाख लिटर भरते, आणि ते उडवायला सूर्याने जी ऊर्जा ओतली ती शंभर टन दगडी कोळशाच्या तोडीची असते. लांब साखळीची मेदी अल्कोहोले, जसे सीटाइल अल्कोहोल, पाण्यावर पसरली तर त्यांचे रेणू एकमेकांना खेटून, एका रेणूच्या जाडीचा थर करून उभे राहतात आणि बाष्पीभवन मंदावते. असे प्रयोग जलाशयांवर झालेले आहेत. गेल्या उन्हाळ्यात हे शिकवताना एका मुलाने विचारले, "सर, थर टाकला की मुक्त ऊर्जेतला फरक कमी होतो का?" नाही. थराखालचे पाणी आधी जेवढे उडायला तयार होते तेवढेच तयार राहते, कारण वरची हवा तितकीच कोरडी असते. फक्त रेणूंना बाहेर पडायला गर्दीतून वाट काढावी लागते. म्हणूनच दुपारचा वारा सुटून थर काठाकडे ढकलला गेला की उघड्या पडलेल्या पाण्यावर बाष्पीभवनाचा वेग लगेच मूळ पदावर येतो आणि पदार्थ पुन्हा टाकावा लागतो. आमच्या भागातल्या शेततळ्यांवर वाऱ्याचा जोर धरणापेक्षा कमी असतो, काठ जवळ असतात आणि पृष्ठभाग लहान असतो, त्यामुळे तिथे हा थर अधिक टिकेल असे मला वाटते. तो किती टिकतो आणि त्याचा खर्च वाचलेल्या पाण्याला परवडतो का, हा मात्र ऊष्मागतिकीचा प्रश्न नाही.